सारख्याच दिसणाऱ्या दोन एअर रायफली: जास्तीचे चाळीस हजार नेमके कशाचे?

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकच्या पायरीवर उभा राहिला, आणि तेव्हापासून मला एकाच प्रकारचे फोन येतात. मी हौशी नेमबाज आहे, दुकानदार नाही, पण रेंजवर वीस वर्षं उठबस असल्यामुळे ओळखीचे आईवडील रायफल घेण्याआधी विचारतात. मागच्या महिन्यात नागपूरच्या प्रतापनगरमधल्या एका गृहस्थांनी दोन रायफलींचे फोटो पाठवले. एक नवीकोरी भारतीय बनावटीची, दुसरी वापरलेली जर्मन. पोरगी सातवीत. खाली प्रश्न होता: "दादा, दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या. मंग चाळीस हजार जास्त काहून द्यायचे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ब्रँडच्या नावात शोधलं जातं. ते रायफलीच्या आत, मुलाच्या अंगात आणि घरच्या वहीत विभागलेलं असतं.

आधी एक घोटाळा दूर करतो. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा होता. त्यात .२२ ची, दारूच्या काडतुसावर चालणारी रायफल लागते आणि तिला परवाना लागतो. शाळकरी मुलांची सुरुवात मात्र जवळजवळ नेहमी १० मीटर एअर रायफलनं होते. हा लेख फक्त तिच्याबद्दल आहे.

### आत नेमकं काय घडतं?

एअर रायफल दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छोटा तुकडा फेकते. त्याला छर्रा किंवा पेलेट म्हणतात. व्यास ४.५ मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

हवा दाबायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली स्प्रिंगची. जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरची बंदूक आठवा: नळी मोडून खाली दाबायची की आतली जाड स्प्रिंग आवळली जाते. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, तिच्यापुढचा दट्ट्या हवा ढकलतो आणि छर्रा निघतो. अडचण अशी की दट्ट्या पुढे जाऊन धडकतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे छर्रा बाहेर पडण्याआधीच रायफल हातात हलते. अनुभवी माणूस तिला सांभाळून घेतो, बारा वर्षांच्या मुलाला ते कठीण जातं.

दुसरी तऱ्हा पीसीपीची (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक). हवा आधीच सिलिंडरमध्ये भरून ठेवलेली असते आणि प्रत्येक वेळी तिचा एक घोट सुटतो. धक्का जवळजवळ नसतो. सिलिंडरमध्ये दाब साधारण २०० बार. स्कूटरच्या चाकात असतो साधारण २ बार, यावरून अंदाज घ्या.

इथे एक छोटा पण महत्त्वाचा भाग येतो, रेग्युलेटर. स्वयंपाकघरातल्या गॅसचा रेग्युलेटर जे काम करतो तेच हा करतो. सिलिंडर भरलेलं असो की संपत आलेलं, शेगडीला गॅस एकाच दाबानं मिळतो, म्हणून पोळी पहिल्या दिवशी जळत नाही आणि शेवटच्या दिवशी कच्ची राहत नाही. रायफलीत रेग्युलेटर चांगला असेल तर पहिला छर्रा आणि साठावा छर्रा सारख्याच वेगानं निघतात. नसेल तर सिलिंडर रिकामं होत जाताना वेग बदलतो आणि नेम सरकतो.

दोन पीसीपी रायफलींची तुलना करताना लाकूड की अॅल्युमिनियम, काळी की निळी, हे मी पाहत नाही. मी पहिला प्रश्न रेग्युलेटरचा विचारतो.

### "जास्त जोराची घेतली तर बरं नाही का?"

नाही. दुकानात हीच चूक सगळ्यात जास्त होते.

जोर ज्यूलमध्ये मोजतात. शंभर ग्रॅमचं लहानसं संत्रं जमिनीवरून एक मीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. जगज्जेत्यांच्या १० मीटर रायफलीतून छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं जातो आणि त्याचा जोर भरतो ८ ज्यूलच्या आत-बाहेर. म्हणजे आठ संत्री. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं. त्यापेक्षा जास्त जोर म्हणजे जास्त धक्का, जास्त हवा आणि जास्त आवाज. गुण एकही वाढत नाही.

कायद्याची रेषाही इथेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत जोराच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या एअर गनला परवाना लागत नाही. त्यापलीकडे लागतो. ".२२ ची एअर गन आहे, स्वस्तात देतो" असं कोणी म्हटलं तर तो व्यास ५.५ मिलिमीटर असतो. त्या वाटेला जाऊ नका. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बिल, हे तिन्ही असलेलाच व्यवहार करा, जुनी रायफल घेतानाही.

परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. आठ ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. नळी नेहमी टार्गेटच्या दिशेनं, घरी कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात. आणि पक्ष्यांवर कधीही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि एअर गननं मारलेला संरक्षित पक्षीही त्यात मोडतो. गोरेवाडा आणि फुटाळ्याच्या काठानं वाढणाऱ्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

### "सेमी-ऑटोमॅटिक का नको?"

मोबाइलवरच्या गेममुळे मुलं हे हमखास विचारतात. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा ट्रिगर ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत बसते. पुन्हा ओढा, पुन्हा एक. पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसलेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) या जातीची. तशी रायफल सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाही.

खेळात सेमी-ऑटोमॅटिकला जागा आहे. २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात पाच गोळ्या ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात. पण १० मीटर एअर रायफलीत नियमच आहे की एका वेळी एकच छर्रा भरायचा. ६० छर्ऱ्यांना ७५ मिनिटं मिळतात. घाई नाहीच. प्रत्येक छर्रा हातानं ठेवताना श्वास खाली येतो, खांदा सैल होतो. शिकणाऱ्याला तो वेळ फार उपयोगी पडतो.

### महाग रायफलीनं नेम किती सुधारतो?

हा भाग नीट वाचा. पैसे वाचतात ते इथे.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. ऐकून धडकी भरते. पण छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटर रुंद आहे आणि त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. हिशेब केला तर छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा. त्यापुढे प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. अगदी मधोमध लागला तर १०.९, म्हणून साठ छर्ऱ्यांचे जास्तीत जास्त ६५४ गुण.

आता रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवा आणि दहा छर्रे मारा. ते जितक्या जागेत पडतात त्याला ग्रुप म्हणतात. समजा महाग रायफलीचे छर्रे मध्यापासून सरासरी १ मिलिमीटर इकडे-तिकडे गेले आणि स्वस्त रायफलीचे २ मिलिमीटर. कागदावर दुप्पट फरक! विक्रेता हाच कागद समोर ठेवतो.

पण मुलगी रायफल पिशव्यांत ठेवून मारणार नाही, उभी राहून मारणार. पहिल्या वर्षी तिचा स्वतःचा हात नेम २० मिलिमीटर सहज हलवतो. मग एकूण चूक २१ आणि २२ होईल असं वाटतं. तसं होत नाही. कधी हात डावीकडे जातो आणि रायफल उजवीकडे, दोन्ही एकमेकांना खातात. कधी दोन्ही एकीकडे जातात. अशा दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत, त्या काटकोनात वाढतात.

कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर जाऊन बघा. सरळ २० पावलं चाला, मग काटकोनात वळून २ पावलं. आता जिथून निघालात तिथपासूनचं थेट अंतर मोजा. ते २२ पावलं भरत नाही, २०.१ भरतं. दोनऐवजी एकच पाऊल वळलात तर २०.०२. दुप्पट चांगल्या रायफलीनं मुलीच्या नेमात पडलेला फरक म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. चाळीस हजार रुपये त्याचे आहेत.

तिचा हात सुधारून २० चा ३ मिलिमीटर झाला की चित्र बदलतं. ३ आणि २ मिळून ३.६ होतात, ३ आणि १ मिळून ३.२. आता फरक गुणांत दिसायला लागतो. महाग रायफल वाईट नसते, तिची वेळ नंतर येते.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. प्रत्येक नळीला छर्ऱ्यांची आपली आवड असते. मॅच छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा बारीक फरकानं मिळतात. एकाच रायफलीत डबा बदलला आणि ग्रुप अर्ध्यावर आला, हे मी स्वतः पाहिलं आहे. रायफल बदलण्याआधी डबा बदला.

### "पण जर्मन ती जर्मन"

मान्य. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ या नावांमागे पिढ्यांचं काम आहे आणि जगातल्या मोठ्या स्पर्धांत तीच नावं दिसतात. चांगल्या हाताखालची जुनी जर्मन रायफल उत्तम खरेदी ठरू शकते. पण जुनी घेताना नळीपेक्षा सिलिंडर आधी बघा.

घरी आलेल्या गॅस सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर "बी-२७" असं काही लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे चार तिमाहींचे चार अक्षर आणि पुढे वर्ष. त्या वेळी त्याची चाचणी व्हायला हवी. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवरही तशीच तारीख कोरलेली असते. नावाजलेल्या युरोपीय कंपन्या साधारण १० वर्षांची मुदत देतात. मुदत उलटलेलं सिलिंडर लावून आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत उभं राहता येत नाही, आणि मुदतीची जबाबदारी नेमबाजाची असते. त्याहून मोठं म्हणजे २०० बारचं जुनं भांडं चेहऱ्याजवळ धरून उभं राहायचं असतं. आठ वर्षांची रायफल घेतली तर दोन वर्षांत नवं सिलिंडर आणावं लागेल. त्याची किंमत आजच विचारून रायफलीच्या किमतीत मिळवा.

मग साइट. १० मीटरच्या खेळात दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळच्या बारीक भोकातून पुढच्या गोल कड्यात टार्गेटचा काळा गोळा बसवायचा असतो, याला रेंजवर पीप साइट म्हणतात. साधी खाच आणि काटा असेल तर ओपन साइट. जाहिरातीत रायफल एका किमतीला दिसते आणि पीप साइट वेगळी विकत घ्यावी लागते, असं होतं. तुमचं मूल कोणत्या प्रकारात उतरणार हे कोचना आधी विचारा.

रबरी रिंगा आणि सीलही झिजतात. ते कोण बदलून देणार, किती दिवसांत, रायफल दुसऱ्या शहरात पाठवावी लागेल का? स्पर्धेच्या आठवड्यात हवा गळायला लागली की या प्रश्नाची किंमत कळते. भारतीय बनावटीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: सुटा भाग देशातच मिळतो.

### अंगाला बसते का?

बूट कितीही चांगला असला तरी दोन नंबर मोठा असेल तर पळता येत नाही. रायफलीचं तसंच आहे, आणि मुलं वाढत असतात.

तीन ठिकाणी बघा. मागचा भाग, म्हणजे बट, खांद्यात टेकल्यावर बोटाचं टोक ट्रिगरवर सहज यायला हवं. गाल टेकायची पट्टी इतकी वरखाली व्हायला हवी की मान न ताणता डोळा थेट भोकासमोर येईल. आणि वजन: नियमानं रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चाळीस किलोच्या मुलीनं तेवढं वजन तासभर पेलायचं नसतं. पाठ वाकते आणि ती सवय पुढे मोडत नाही. हलकी, सगळीकडून कमी-जास्त करता येणारी रायफल मुलासाठी एखाद्या मोठ्या नावापेक्षा मोलाची आहे.

त्याआधी घरी एक मिनिटाची परीक्षा करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटं त्रिकोणी भोक करा आणि दोन्ही डोळ्यांनी त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ भोकातच दिसत राहतं, तो तुमचा प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या बऱ्याच मुलांचा प्रमुख डोळा डावा निघतो. तसं असेल तर कोचशी बोलल्याशिवाय उजव्या हाताची रायफल घेऊ नका.

### नागपूरचा मे महिना

हे कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मराठीत मिळणार नाही, म्हणून लिहितो. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून भट्टी होते. सकाळी २७ अंशाला २०० बार भरलेलं सिलिंडर डिकीत ६७ अंशापर्यंत तापलं तर आतला दाब साधारण २२५ वर जातो. भरलेली रायफल गाडीत सोडून रसवंतीवर थांबू नका. शाळेतून थेट रेंजला जायचं असेल तर सिलिंडर काढून सोबत न्या.

पावसाळ्यात उलटं. हातपंपानं हवा भरताना बाहेरचा दमटपणाही आत जातो, आणि ओल कुठल्याही धातूच्या भांड्याला मानवत नाही. ओल शोषणारा फिल्टर असलेला पंप घ्या किंवा कोरडी हवा मिळेल तिथे भरा. मुंबई-गोव्यात स्कूबा डायव्हिंगची सिलिंडरं भरणारे मिळतात. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे रायफल ठरवण्याआधी तुमच्या रेंजवर हवा कशी भरतात हे विचारा. पंप स्वतः घ्यावा लागला तर तो खर्चही रायफलीचाच धरा.

### वर्षाची वही

दिवसाला ८० छर्रे, आठवड्यातून चार दिवस, वर्षाचे ५० आठवडे: १६,००० छर्रे. डब्यात ५०० असतात, म्हणजे ३२ डबे. हिशेबाला सोपं जावं म्हणून डब्याला हजार रुपये धरा. ३२ हजार झाले. शिवाय जाड कॅनव्हासचं जॅकेट, हातमोजा, रेंजची फी. जॅकेट चैनीचं नाही, उभं राहताना पाठीला आधार तेच देतं. पहिल्या वर्षी जास्तीचे पैसे रायफलीत घालण्यापेक्षा जॅकेटात घातले तर गुण लवकर वाढतात, हे माझं ठाम मत आहे.

फरकाच्या चाळीस हजारांत चाळीस डबे येतात, म्हणजे सव्वा वर्षाचा सराव. रायफलीत ड्राय फायरची सोय असेल तर आणखी बरं. छर्रा न भरता, हवा न सोडता फक्त ट्रिगर ओढायचा. घरी भिंतीवर ठिपका लावून रोज वीस मिनिटं. खर्च शून्य.

### मग महाग रायफल कधी?

कोच टार्गेट बघून सांगतील. मूल पिशव्यांवर रायफल ठेवून जो ग्रुप काढतं, जवळजवळ तेवढाच उभं राहून काढायला लागलं, तर रायफल त्याला अडवते आहे. जिल्हा, राज्य आणि पुढे मावळणकर स्पर्धा ही वाट बहुतेकांची असते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर हेच राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते, त्यांच्या नावाची ही स्पर्धा. तिथवर पोहोचलेल्या मुलासाठी कर्ज काढून रायफल घेणाऱ्या आईवडिलांना मी कधीच अडवलेलं नाही.

प्रतापनगरच्या त्या गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, की पैसे देण्याआधी दोन्ही रायफली रेंजवर मागवा. रविवारी सकाळी त्या आल्या. जर्मन रायफल देखणी होती, नळी स्वच्छ, ग्रुप एकाच भोकाचा. पण बट शेवटपर्यंत आत घेऊनही मुलीला लांब पडत होती, आणि डोळा भोकासमोर आणायला ती मान ताणत होती. सिलिंडरला दीड वर्ष उरलं होतं. भारतीय रायफल तिच्या कोचनी दहा मिनिटांत तिच्या मापाची करून दिली. वडिलांनी ती घेतली. त्याच आठवड्यात जॅकेट आणि दहा डबे घेतले, वेगवेगळ्या मापांचे, नळीला कोणता आवडतो ते बघायला. काल त्यांचा मेसेज आला, ४.५० चा ग्रुप सगळ्यात छोटा निघाला म्हणून. सोबत टार्गेटचा फोटो होता, कोपऱ्यात मुलीनं पेनानं तारीख घातलेली.